आंबट बंद

“तोंड उघडायची लाज वाटते, दुसरं काय नाय,” काउंटरच्या पलीकडे कोणीतरी मराठीत म्हणालं.

मला वाटलं, माझ्याबद्दलच चाललंय. मी नुकताच एक फॉर्म न बोलता पुढे सरकवला होता आणि सही कुठे करायची ते पेनाच्या टोकाने दाखवलं होतं. हे वाक्य मला नवीन नव्हतं. शाळेच्या रिपोर्ट कार्डावर ते दरवर्षी सभ्य इंग्रजीत लिहून यायचं आणि घरी आई त्याचं मराठी करायची. मी मान खाली घालून स्क्रीनकडे बघत राहिले. थोड्या वेळाने हळूच वर पाहिलं, तेव्हा कळलं की बोलणारे गृहस्थ फोनवर होते आणि ते वाक्य शेजारच्या माणसाबद्दल होतं. तो चाळिशीचा असेल. अंगात कंपनीचा निळा शर्ट, तोंडावर मास्क आणि त्या मास्कवरही हात धरलेला.

आमचं क्लिनिक शारजात रोल्लाला आहे. खाली कापडाची दुकानं, वर आम्ही. माझं काम अपॉइंटमेंट देणं, इन्शुरन्सचे अप्रूव्हल मागवणं आणि डॉक्टरांनी हाक मारली की आत जाऊन दुभाषाचं काम करणं. डॉक्टर सीरियाचे. त्यांना अरबी आणि इंग्रजी येतं. मल्याळम नर्स सांभाळते, हिंदी-उर्दू माझ्याकडे. मराठीची वेळ फारशी येत नाही. पुण्या-मुंबईची जी कुटुंबं येतात ती डॉक्टरांशी इंग्रजीतच बोलतात, आणि त्यांची मुलं आईबापांनाही इंग्रजीतच उत्तरं देतात. मीही तशीच वाढले. मराठी मला सगळं कळायचं, पण बोलताना आपण दुसऱ्याचे कपडे घातलेत असं वाटायचं.

फॉर्मवर पत्ता राहिला होता, म्हणून बोलणं भाग पडलं. “राहता कुठे?” मी विचारलं.

फोन ठेवून गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची पांढरी दाढी नीट कापलेली होती. “घ्या. बाय आपली निघाली, आणि मी मघापासून हिंदीत जीव काढतोय.” मग शेजारच्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “हा माझा चुलतभाऊ. सोनापुरात राहतो, तरी अजून जिवंत हाय.”

बाजूला बसलेले एक मुंबईचे काका खो खो हसले. मला विनोद कळला नाही. मी ‘मुहैस्नाह’ असं टाइप केलं, कारण कामगारांच्या कॅम्पच्या त्या भागाचं कागदोपत्री नाव तेच आहे. संध्याकाळी बाबांना विचारलं तेव्हा ते आधी हसले आणि मग म्हणाले, अगं, मुंबईत सोनापूर म्हणजे स्मशान.

हे दोघे मूळ रायगडच्या किनाऱ्यावरचे. थोरल्यांचं रोल्लातच शिवणकामाचं दुकान होतं. धाकटा एका बांधकाम कंपनीत इलेक्ट्रिशियन, इथे येऊन बारा वर्षं झालेली. तो स्वतः फार कमी बोलत होता. बोलायला लागला की हिरड्यांतून रक्त यायचं, आणि ते समोरच्याला दिसू नये म्हणून मास्क. ‘हिरड्या’ हा शब्द मला त्या दिवशी नव्याने कळला. आमच्या घरी गम्सच म्हणतात.

आत डॉक्टरांनी मास्क काढायला सांगितला. हिरड्या जांभळ्या होऊन दातांवर चढल्या होत्या. पायांवर काळेनिळे डाग होते, न आपटता आलेले. गुडघे सुजलेले. जिना चढताना धाप लागते, असं तो म्हणाला. डॉक्टर एकेक प्रश्न विचारत होते आणि मी एकेक उत्तर पोचवत होते. कामावर घेताना त्यांनी मला एकच नियम सांगितला होता: पेशंट जे बोलेल तेवढंच सांग, आपल्या पदरचं काही घालू नकोस. मला तो नियम फार आवडला होता. स्वतःचं काहीही न बोलता दिवसभर बोलायला मिळणारी नोकरी माझ्यासारखीला आणखी कुठे मिळणार?

खाण्यापिण्याचं विचारल्यावर तो म्हणाला, “पथ्य पाळतो. कडक.”

हा शब्द मला येत होता. बाबांना साखर आहे. आई दिवसातून चार वेळा पथ्य म्हणते. म्हणजे गोड नाही, तळलेलं नाही, भात वाटीभरच. मी डॉक्टरांना सांगितलं की हे अगदी काटेकोर डाएट करतात. डॉक्टर खूश झाले. माझे सगळे पेशंट असे असते तर, असं काहीतरी म्हणाले आणि फाइलमध्ये ‘आहार उत्तम’ अशा अर्थाची नोंद केली. ती नोंद नंतर कॉम्प्युटरवर मीच चढवली. रक्त तपासायला दिलं आणि चार दिवसांनी यायला सांगितलं.

मधल्या शनिवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे माझी पानं उघडून बसले.

ती पानं म्हणजे माझा छंद. एका परदेशी विद्यापीठाने जुन्या डॉक्टरांच्या हस्तलिखित वह्या फोटो काढून इंटरनेटवर ठेवल्या आहेत. कोणीही घरबसल्या एक पान घ्यायचं, ते अक्षर वाचायचं आणि टाइप करून द्यायचं. कोणाशी बोलावं लागत नाही. माझ्याकडे आलेली वही एका जहाजावरच्या सर्जनची होती. उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशात वसाहत करायला निघालेल्या लोकांबरोबर तो गेला होता. नदी गोठली, जहाज बर्फात अडकलं, आणि किनाऱ्यावर लाकडी कोट बांधून सगळ्यांनी तिथेच हिवाळा काढला.

बाहेर खिडकीच्या काचेला हात लावता येत नव्हता एवढं ऊन, आणि आत मी शाई गोठते म्हणून दौत काखेत धरून लिहिणाऱ्या माणसाची वही वाचत होते. आई मागून जाताना म्हणाली, “बर्फातलं वाचतेस तर वाच, पण एसी चोवीसवर ठेव. आम्ही नाही गेलो तिकडे.”

सुरुवातीच्या पानांवर सर्जनचं अक्षर इतकं सुरेख होतं की मला एका पानाला अर्धा तास पुरायचा. मग माणसं आजारी पडू लागली. पाय काळे, हिरड्या कुजलेल्या, दात हलणारे. त्याला कारण कळेना. कधी त्याला वाटे हवा वाईट आहे, कधी वाटे माणसं आळशी झाली आहेत. तो त्यांना बर्फात चालायला लावी, आणि ताकद यावी म्हणून खारवलेलं मांस वाढवून देई. जितकी माणसं पडत तितका तो जास्त कडक होई. आणि पानागणिक त्याचंही अक्षर बिघडत गेलं होतं. आधी मोठं झालं, मग ओळ सोडून खाली उतरू लागलं. मला एक शब्द लावायला दहा-दहा मिनिटं लागू लागली. स्वतःच्या आजाराबद्दल त्याने कुठेच लिहिलं नव्हतं. पण अक्षर सांगत होतं, आणि मी ते कित्येक पिढ्यांनंतर, शारजात, चहा पीत वाचत होते.

त्या शनिवारच्या पानावर एका खलाशाची गोष्ट होती. वीस वर्षांपूर्वी त्याला कसलीशी जखम झाली होती आणि ती पूर्ण भरून नुसता व्रण राहिला होता. आजारात तो व्रण उघडला. जणू जखम कालच झाली होती. सर्जनने ते तीन वेळा लिहून दोन वेळा खोडलं होतं. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नसणार.

मी टाइप करणं थांबवून त्याबद्दल शोधलं. आजाराचं नाव स्कर्वी. आणि जे वाचलं त्याने दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही. आपण म्हणतो जखम भरली. ती एकदाची भरत नसते. शरीर ती रोज भरत असतं. व्रणाचे धागे झिजतात आणि शरीर नवे विणतं, वर्षानुवर्षं, आपल्याला न सांगता. त्या विणकामाला लागणारी एक गोष्ट, क जीवनसत्त्व, शरीराला स्वतः बनवता येत नाही. ती ताज्या फळांतून, पाल्यातून, कच्च्या मांसातून घ्यावी लागते. ती मिळाली नाही की विणकाम थांबतं, आणि माणूस जुन्या जखमांच्या जागी उसवायला लागतो. मी माझ्या गुडघ्यावरची खूण पाहिली. चौथीत स्कूल बसच्या पायरीवरून पडले होते. म्हणजे ती जखम माझं शरीर अजून, या क्षणीही, शिवत बसलं होतं. मी कितीतरी वेळ त्या खुणेवर बोट ठेवून बसून राहिले.

पुढच्या पानांवर त्या प्रदेशातली मूळची माणसं येतात. ती त्याच थंडीत राहत होती आणि ठणठणीत होती. त्यांचं कच्चं मांस खाणं या लोकांना घाणेरडं वाटायचं. शेवटी स्वतःवर मरायची वेळ आली तेव्हा त्या मूळच्या माणसांना विचारलं गेलं. त्यांनी एका सदाहरित झाडाच्या फांद्या आणून दिल्या: पाला उकळा आणि पाणी प्या. झाडाचं नाव सर्जनने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं होतं, एकाच पानावर तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी. आठवड्याभराने माणसं चालू लागली. आणि अक्षर सुधारलं. तेच मला सगळ्यात अद्भुत वाटलं. ओळी पुन्हा सरळ झाल्या.

हे सगळं ज्याच्या तोंडून आलं-गेलं त्या दुभाषाचं नाव वहीत कुठेही नाही. ज्यांनी झाड दाखवलं त्यांचीही नावं नाहीत. पुढे त्यांची जमीन या लोकांनी घेतली, हे सांगायला वही लागत नाही. अशा गोष्टी आणखीही काही ठिकाणी घडल्याचं मी नंतर वाचलं. आणि ऐकून लिहिलेल्या नावावरून झाड नेमकं कोणतं यावर पुढे जाणकारांचेही वाद झाले.

हिरड्यांबद्दल टाइप करताना मला क्लिनिकमधला तो निळा शर्ट आठवला होता, हे मान्य करायला हवं. क्षणभर. पण स्कर्वी म्हणजे जहाज, बर्फ, खारवलेलं मांस. शिवाय तो माणूस तर काटेकोर डाएट करणारा. फाइलमध्ये तसं होतं. माझ्याच भाषांतराने मला गप्प बसवलं.

चौथ्या दिवशी दोघे आले. रिपोर्टमध्ये प्लेटलेट्स नॉर्मल होत्या, हिमोग्लोबिन कमी होतं. डॉक्टर गोंधळले. रक्ताचा नाहीतर रक्तवाहिन्यांचा काहीतरी वेगळा आजार असावा, मोठ्या हॉस्पिटलला पाठवतो, तोवर कामासाठी अनफिट लिहावं लागेल, असं ते मला म्हणाले. मी ते मराठीत सांगितलं. थोरल्याने फक्त विचारलं, कॅन्सर का? डॉक्टर म्हणाले, आत्ताच सांगता येणार नाही.

“अनफिट म्हंजे खलास,” थोरले मला हळू आवाजात म्हणाले. “याची कंपनी रजा देत नाय, बाय. परतीचं तिकीट देते.”

कंपनीच्या माणसाचा सकाळपासून दोनदा फोन आला होता, रिपोर्ट कधी देताय म्हणून. ते मला माहीत होतं, कारण फोन मीच घेतला होता.

निघण्याआधी डॉक्टरांनी पुन्हा एकदा पाय बघायला मागितले. पँट वर केल्यावर नडगीवर एक जखम दिसली, जांभळी, कडेने ओलसर. मागच्या वेळी ती नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, कधी लागलं?

तो म्हणाला, “लहानपणी. जेटीवरून पडलो होतो. आठ-नऊ वर्षांचा असेन.”

मी तसंच सांगितलं. डॉक्टर माझ्यावर किंचित वैतागले. नीट विचार, म्हणाले, ही ताजी जखम आहे. मी पुन्हा विचारलं. तो पुन्हा म्हणाला, लहानपणी. पांढरी खूण होती तिथे, गेल्या दोन दिवसांत उघडली. डॉक्टरांनी मान हलवली, दोघांना बाहेर बसायला सांगितलं आणि मला म्हणाले, राहू दे, काहीतरी घोटाळा होतोय भाषेचा.

मी बाहेर आले. वहीतल्या त्या तीनदा लिहिलेल्या, दोनदा खोडलेल्या ओळी माझ्यापुढे एका प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या, पँटचा पाय खाली ओढून घेत. जे मी बर्फातलं, मेलेल्या माणसांचं म्हणून वाचलं होतं, ते सोनापूरहून बसने आलं होतं. भीती वाटायला हवी होती; पण खरं सांगायचं तर पहिल्यांदा जे वाटलं ते देवळात मूर्तीसमोरचा पडदा सरकल्यावर वाटतं तसं होतं. शरीर सगळीकडे तेच. ते तेच सांगत होतं, त्याच जागी, त्याच शब्दांत.

मी त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसले. काउंटर सोडून पेशंटच्या शेजारी मी कधी बसत नाही. “चाचा,” मी थोरल्यांना म्हणाले, कारण धाकट्याकडे बघायचं धैर्य नव्हतं, “ते पथ्य म्हणाले होते. काय काय पथ्य आहे?”

मग जे आहे ते हळूहळू बाहेर आलं. गेल्या वर्षी गुडघे दुखायला लागले होते. गावाकडच्या हकीमांनी फोनवर चूर्ण सांगितलं आणि त्यावर पथ्य: आंबट बंद. लिंबू, कोकम, चिंच, टोमॅटो, संत्रं, काही नाही. वातूळ बंद, म्हणजे बटाटा, कोबी, फ्लॉवर, वांगं. कच्चं बंद. मिरची-कोथिंबीरसुद्धा. खुबूसची रोटी, डाळ, भात, सुका मासा, उकडलेलं अंडं आणि चहा, एवढं चालेल.

“हकीम बोलले होते चाळीस दिवस,” थोरले म्हणाले. “पण दुखणं थांबेना, म्हणून यानं सोडलंच नाय. आठ महिने झाले. कॅम्पातले त्याला मौलाना म्हणतात, बारा महिने रोजा.”

धाकटा पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बोलला. मास्कच्या आतून, एकेक शब्द सावकाश. “पाय सुजले तेव्हा मना वाटलं, माझंच काय तरी चुकतंय. मग चूर्णासोबतचा मधपण सोडला.”

जितकं दुखणं वाढलं तितका तो जास्त कडक झाला होता. त्याने पथ्य म्हटलं होतं. प्रत्येक मराठी माणूस पथ्य म्हणतो तेव्हा काय सोडलं ते सांगत असतो. मी मात्र डॉक्टरांना काय खातो ते सांगितलं होतं. एका शब्दात मी त्याची आठ महिन्यांची उपासमार चांगली सवय म्हणून लिहून टाकली होती.

आत प्रिंटर सुरू झाल्याचा आवाज आला. रेफरलचं पत्र. त्याच्याबरोबर कंपनीसाठीचं अनफिट सर्टिफिकेट.

मी उठले आणि दाराशी थांबले. थांबायला कारणं पुष्कळ होती. मी डॉक्टर नाही. नियम होता, पदरचं काही घालायचं नाही. मोठ्या हॉस्पिटलमध्ये त्यांना कळेलच की, असंही मनात आलं. कळेल, पण तोवर याच्या हातात तिकीट असेल. आणि सगळ्यात मोठं कारण हे की, स्कर्वी हा शब्द उच्चारायच्या आधी मला दुसरं काहीतरी म्हणावं लागणार होतं. दोन वर्षांत या खोलीत मी माझं असं एकही वाक्य बोलले नव्हते. जे बोलले ते सगळं कोणाचं तरी होतं. त्यामुळे चूकही कधी माझी नव्हती.

मागे वळून पाहिलं तर थोरले घड्याळ बघत होते आणि धाकटा मास्कवर हात धरून जमिनीकडे बघत होता. त्याला माझ्याकडून काही अपेक्षा आहे असं अजिबात दिसत नव्हतं. त्याच्या लेखी मी नीटच सांगितलं होतं.

मी दार ढकललं. डॉक्टर पत्रावर सही करत होते. त्यांनी वर न बघता विचारलं, आणखी काही? त्यांची ती सवय आहे, आणि माझं उत्तर नेहमी ठरलेलं असतं, नो डॉक्टर. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, आणि इंग्रजी बोलत असूनही मधला एक शब्द मी तसाच मराठीत ठेवला.

“डॉक्टर, सही करू नका. त्यांनी डाएट म्हटलं नव्हतं, पथ्य म्हटलं होतं. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. या माणसाने आठ महिन्यांत एक लिंबूसुद्धा चाखलेलं नाही.”